झिओलाइट वायच्या बाटलीत पुन्हा पुन्हा ‘पी’ का निघतो

झिओलाइट वाय (सिलिकॉन-ॲल्युमिनियमच्या चौकटीचा, सूक्ष्म पोकळ्या असलेला स्फटिक) बनवणाऱ्यांना लक्षण ओळखीचं आहे. कृती तीच, बाटल्या त्याच, ओव्हन तोच. मागच्या खेपेला स्वच्छ सोडियम-वाय निघाला होता आणि या खेपेला एक्सआरडीच्या, म्हणजे क्ष-किरण विवर्तनाच्या, आलेखावर २८.१ अंशांपाशी एक बारकं शिखर डोकावतंय: ‘पी’ या दुसऱ्या झिओलाइटचं. पुढच्या बॅचला ते दुप्पट उंच होतं, त्याच्या पुढच्या बॅचला गायब. मग तुम्ही सोडियम जरा कमी करता, पाणी जरा वाढवता, एकदा जमतं, एकदा फसतं. महिनाभराने वहीत दहा बॅचेस जमतात, पण त्यातल्या कुठल्याही दोन एकमेकींशी ताडून पाहता येत नाहीत.

(लॅबमध्ये सगळे ‘पीक’च म्हणतात. लिहिताना मात्र मला शेत दिसायला लागतं, म्हणून इथे शिखर.)

या चक्रात मीही बराच काळ फिरलो, कारण पीला मी भेसळ समजत होतो. कुठून तरी येतो, तो रस्ता बंद केला की थांबेल, असा माझा समज. प्रत्यक्षात पी हा वायचा पुढचा मुक्काम आहे: त्याच बाटलीत, त्याच जेलमधून (सोडियम, सिलिका, ॲल्युमिना आणि पाण्याच्या लगद्यातून), फक्त थोड्या उशिराने. वायची चौकट, म्हणजे एफएयू, फार मोकळी असते. दर १,००० घन अँगस्ट्रॉममध्ये तिच्यात सिलिकॉन आणि ॲल्युमिनियमचे मिळून जेमतेम १३ अणू बसतात. पीची चौकट, जीआयएस, जास्त दाटीची: तिच्यात हाच आकडा १५-१६ च्या घरात जातो. गरम अल्कलीत मोकळी चौकट टिकते ती केवळ घाईत तयार झाली म्हणून. वेळ मिळाला की ती विरघळते आणि दाट चौकट वाढू लागते. अस्थिर रूप आधी आणि स्थिर रूप मागाहून, हा ओस्टवाल्डचा १८९७ चा पायऱ्यांचा नियम इथे शब्दशः लागू पडतो.

तेव्हा ‘पी आला का?’ हा प्रश्न अपुरा आहे. विचारायचं ते ‘पी किती वाजता आला?’ आणि त्याचं उत्तर एका बाटलीतून कधीच मिळत नाही.

आधी, तो पीच आहे ना?

पीची नेहमीची शिखरं, तांब्याच्या के-अल्फा किरणांनी घेतलेल्या आलेखात, १२.४६, १७.६५, २१.६६, २८.१० आणि ३३.४ अंशांच्या आसपास येतात. यातलं १२.४६ वालं सगळ्यात डावीकडे आणि उठून दिसणारं, म्हणून बहुतेक जण त्याच्यावरूनच निदान करतात. तिथेच घोटाळा होतो.

वायच्या एकक पेशीची (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या ठोकळ्याची) बाजू २४.६८ अँगस्ट्रॉम धरून हिशेब करून पाहा. कंसातले तीन आकडे म्हणजे स्फटिकातल्या त्या-त्या प्रतलाचं नाव. वायचं स्वतःचं (२२२) शिखर येतं १२.४१ अंशांवर, (४२२) येतं १७.५९ वर, (४४२) २१.५९ वर आणि (८४२) ३३.२४ वर. ही शिखरं एरवी अशक्त असतात, पण नसतात असं नाही, आणि चौकटीतले कॅटायन (सोडियमसारखे धन आयन) किंवा पाणी बदललं की त्यांची उंचीही बदलते. म्हणजे पीच्या पाचातल्या चार शिखरांच्या जागी वायचं एक मरतुकडं शिखर आधीच बसलेलं आहे. हा योगायोग पेशींच्या मापांमुळे होतो: पीची बाजू सुमारे १०.०४ अँगस्ट्रॉम, आणि २४.६८ ला १०.०४ ने भागलं की जवळजवळ सहाचं वर्गमूळ येतं.

उरलं २८.१०. त्याच्याशी संबंधित अंतर आहे ३.१७५ अँगस्ट्रॉम. २४.६८ ला ३.१७५ ने भागून वर्ग करा, ६०.४ येतात. वायला त्या जागी शिखर हवं असेल तर तीन पूर्णांकांच्या (कंसातल्या त्या तीन आकड्यांच्या) वर्गांची बेरीज ६० यायला हवी, आणि ६० ही संख्या तीन वर्गांच्या बेरजेतून मिळतच नाही. करून पाहा, पाच मिनिटांचा खेळ आहे. वायचं डावीकडचं शेजारी शिखर २७.७४ वर आहे आणि उजवीकडचं २८.९२ वर. मधली पट्टी मोकळी. वायमध्ये पी शोधायचा तो याच खिडकीत.

झिओलाइट ए, म्हणजे एलटीए, हा दुसरा संशयित. त्याचीही शिखरं १२.४६ आणि २१.६७ वर येतात, आणि १७.६५ वर एक अशक्त शिखर असतं. त्यामुळे पहिली तीन शिखरं पाहून ‘पी आहे’ म्हणणाऱ्याच्या बाटलीत खरं तर ए असू शकतो. हे माझ्या बाबतीत घडलंय, आणि तीन आठवडे मी चुकीच्या रोगावर औषध देत होतो. एची खूण आहे ७.२ अंशांवरचं ठसठशीत शिखर. त्या जागी वायचं (२००) येऊ शकलं असतं, पण वायच्या सममितीत ते निषिद्ध आहे, म्हणून तीही जागा रिकामी असते. २८.१ वर एलाही काही मिळत नाही, कारण त्याची खरी पेशी २४.६ अँगस्ट्रॉमची आहे आणि ६० ची अडचण त्यालाही आहेच. थोडक्यात, ७.२ वर शिखर असेल तर ए, २८.१ वर असेल तर पी. दोन्हीकडे असेल तर दोन्ही. एचा अर्थ वेगळा निघतो: जेलमध्ये सिलिका कमी पडली किंवा नीट विरघळली नाही, कारण एला सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम साधारण सारख्याच प्रमाणात लागतात. पीचा उपाय एला चालत नाही.

नेहमीच्या वेगवान स्कॅनवर मात्र विसंबू नका. दोन-तीन टक्के पी त्यात सहज निसटतो. २७.२ ते २९.२ एवढाच तुकडा पायरीला दहापट वेळ देऊन पुन्हा घ्या. दहा-पंधरा मिनिटांचं काम, पण ‘मागच्या बॅचला नव्हता, या बॅचला आला’ म्हणण्याआधी मागच्या बॅचचाही तोच तुकडा घेऊन बघा. माझ्या जुन्या ‘स्वच्छ’ बॅचेसपैकी काहींनी इथेच रंग बदलला.

नमुना ओव्हनमधून काढून गरमागरम होल्डरमध्ये भरू नका, हेही इथेच सांगतो. पीची चौकट लवचिक आहे. पाणी निघून गेलं की ती आकसते, शिखरं सरकतात, फुटतात. मग २८.१ वर काहीच दिसत नाही आणि पी नाही असं वाटतं. याबद्दल खाली आणखी.

आता घड्याळ

पी आहे हे नक्की झालं, तर कृतीतला एकही आकडा बदलण्याआधी एक प्रयोग करा. एकदाच जेल बनवा, सहा सारख्या छोट्या पॉलिप्रॉपिलीनच्या बाटल्यांत सारखं भरा, आणि ओव्हनमधून एकेक करून ४, ६, ७, ९, १२ आणि २४ तासांनी काढा. काढली की बाटली थंड पाण्यात बुडवा आणि लगेच गाळा. ‘उद्या सकाळी गाळू’ म्हणून कोमट ठेवलेली बाटली आतल्या आत पुढे सरकत असते. संध्याकाळी ओव्हन बंद करून दार न उघडता घरी जाणं हाही त्यातलाच प्रकार. वहीत सात तास लिहिलेले असतात, जेलला दहा मिळालेले असतात.

या सहा आलेखांत तीनपैकी एक चित्र दिसतं.

पहिलं: सात तासांपर्यंत निव्वळ वाय, बारापासून पी. हे सगळ्यात सोपं. तुमची कृती बरोबर आहे, तुम्ही गाडीतून एक स्टेशन पुढे उतरताय. तरीही वेळ आंधळेपणाने कमी करू नका, आधी जेल खरोखर किती वेळ १०० अंशांवर होतं ते तपासा. ६० मिलीची बाटली ओव्हनमध्ये भराभर तापते, अर्ध्या लिटरच्या बाटलीच्या मध्यभागी तापमान पोचायला कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि थंड व्हायलाही तेवढाच. छोट्या बाटलीतला ‘सात तास’ मोठ्या बाटलीत उचलून ठेवला तर आधी कच्चा माल मिळतो. मग घाबरून वेळ वाढवली जाते आणि कडेचं जेल पीपर्यंत जातं. एकदा एका बाटलीत थर्मोकपल सोडून बघा, पुढची वादावादी वाचते.

दुसरं: वाय दिसायला लागतो त्याच बाटलीत पीही दिसतो. इथे वेळ कमी करून काही होणार नाही. पीची केंद्रकं, म्हणजे स्फटिक ज्यांच्यावर वाढतो ते कण, सुरुवातीपासूनच आत आहेत. बीजजेल (आधी मुरवून मुख्य जेलमध्ये मिसळायचं थोडंसं जेल), भांडं, ढवळणं यांच्याकडे बघा.

तिसरं: २० ते ३० अंशांमधला अस्फटिक मालाचा फुगवटा अजून आहे आणि तरी पी वाढतोय. याचा अर्थ जेल एकसारखं नाही, किंवा वायची केंद्रकं इतकी कमी आहेत की कच्चा माल संपायच्या आत पुढचा मुक्काम आला. बहुतेक वेळा मिसळण्यातली गाठ.

बीजजेल आणि ‘खोलीचं तापमान’

वायची पडताळून पाहिलेली जी कृती बहुतेक लॅब वापरतात तिच्यात दोन जेल असतात. बीजजेल (आकडे मोलच्या प्रमाणात): १०.६७ सोडियम ऑक्साइड, १ ॲल्युमिना, १० सिलिका, १८० पाणी. मुख्य जेल: ४.३० सोडियम ऑक्साइड, बाकी तेच. दोन्ही मिळून सोडियमचा आकडा ४.६२ होतो. (४.६२ वजा ४.३०) ला (१०.६७ वजा ४.३०) ने भागा, उत्तर येतं ०.०५. म्हणजे एकूण ॲल्युमिनियमपैकी फक्त पाच टक्के बीजजेलमधून येतं आणि सगळा निकाल त्याच्यावर ठरतो. बीजजेल खोलीच्या तापमानाला एक दिवस मुरवायचं, मुख्य जेल ताजं बनवून त्यात ते मिसळायचं, न ढवळता १०० अंशांवर सात तास.

मुरवणं म्हणजे वायची केंद्रकं तयार व्हायला दिलेला निवांत वेळ. आणि ‘खोलीचं तापमान’ हा काही आकडा नव्हे. १८ अंशांवरचा एक दिवस आणि ३२ अंशांवरचा एक दिवस हे दोन वेगळे प्रयोग आहेत. ऋतू बदलला की पी येतो-जातो, अशी तक्रार असेल तर दुसरीकडे शोधण्याआधी बीजजेलची बाटली २५ अंशांच्या पाण्याच्या टाकीत ठेवून बघा. एवढ्या एका बदलाने निम्मा गोंधळ शमलेला मी पाहिलाय. कमी मुरलं तर केंद्रकं कमी, वाय सावकाश, आणि पी मध्येच गाठतो. ‘जास्त मुरवलं तर आणखी चांगलं’ असंही नाही. आठवडाभर ठेवलेलं बीजजेल आपण काय म्हणून वापरतोय हे आपल्यालाच माहीत नसतं. एकच मुदत ठरवा आणि वहीत तास लिहा, ‘काल केलेलं’ असं नको.

बाटलीवरचं लेबल

सोडियम ॲल्युमिनेट हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओलावा ओढून घेतं. झाकण नीट न लावलेल्या जुन्या डब्यातला माल तोलला की त्या वजनातला काही भाग कार्बोनेट आणि पाण्याचा असतो. ॲल्युमिनियम कमी भरतं, मोकळा हायड्रॉक्साइडही घटतो. विरघळवल्यावर द्रावण गढूळ राहिलं तर समजा माल शिळा झालाय. गाळून पुढे जायचा मोह होतो, पण गाळणीवर राहिलेलं ॲल्युमिनियम तुमच्या हिशेबातून वजा झालेलं असतं. नवीन डबा फोडल्यावर लगेच छोट्या बाटल्यांत भरून बंद करणं आणि प्रत्येक खेपेचं सोडियम-ॲल्युमिनियम तपासून घेणं, याला पर्याय नाही.

सोडियम सिलिकेटचं दुखणं जास्त लपलेलं आहे. समजा कृतीत २८.७ टक्के सिलिका आणि ८.९ टक्के सोडियम ऑक्साइड असलेलं द्रावण धरलंय, आणि नवीन कॅनवर सिलिका तेवढीच पण सोडियम ऑक्साइड ९.४ टक्के आहे. अर्धाच टक्का, कोण बघतो? दहा मोल सिलिकेसाठी हे द्रावण सुमारे २,०९३ ग्रॅम लागतं. त्यातला अर्धा टक्का म्हणजे साडेदहा ग्रॅम, म्हणजे ०.१७ मोल सोडियम ऑक्साइड. अख्ख्या बीजजेलमुळे एकूण आकडा ४.३० वरून ४.६२ झाला होता, म्हणजे ०.३२ ने. कॅन बदलल्याने त्याच्या निम्म्याहून जास्त बदल झाला आणि वहीत कुठेच नोंद नाही. अल्कली वाढली की सगळं घड्याळच पुढे पळतं: वाय लवकर, पीही लवकर, आणि मिळालेल्या वायमध्ये सिलिकॉनचं प्रमाण कमी. कॅन बदलला की त्याच्या विश्लेषणावरून सोडियम हायड्रॉक्साइडचं वजन पुन्हा काढा, दर वेळी.

याच रांगेतली एक फुकटची तपासणी: ओव्हनमध्ये ठेवण्याआधी आणि काढल्यावर बाटली तोला. वजन घटलं असेल तर झाकणातून वाफ गेली, पाणी कमी झालं, अल्कली आपोआप वाढली. सहापैकी एकाच बाटलीत पी निघाला, तर मी आधी तिचं झाकण बघतो.

ढवळणं, भांडं, धुणं

मुख्य जेल आणि बीजजेल मिसळताना जोरात ढवळा, एकही गुठळी ठेवू नका. तापायला लागलं की हात काढून घ्या. तापत असताना जोरात ढवळलेल्या जेलमध्ये पी लवकर आणि जास्त येतो, हे वाय बनवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने भोगलेलं आहे. मोठ्या भांड्यात उष्णता पोचवायला ढवळावंच लागत असेल तर अगदी सावकाश ढवळा, आणि बीजजेलचा वाटा वाढवून वायला आघाडी द्या.

टेफ्लॉनचे लायनर पांढरेशुभ्र दिसतात, पण त्यांच्या ओरखड्यांत मागच्या बॅचचे स्फटिक बसलेले असतात. मागच्या बॅचमध्ये पी असेल तर पुढच्या बॅचला आयतं बीज मिळालं. साबण आणि ब्रशने ते निघत नाहीत. लायनरमध्ये सोडियम हायड्रॉक्साइडचं संहत द्रावण भरून रात्रभर गरम करा, मग पाण्याने खळखळून धुवा. हायड्रोफ्लोरिक आम्लाने काम लवकर होतं खरं, पण तशी सोय, प्रशिक्षण आणि कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. मी प्रत्येक चौकटीचे लायनर वेगळे ठेवतो, बुडाशी खूण कोरून. वायचा लायनर सोडालाइटला (दुसऱ्या एका चौकटीला) उसना दिला आणि मग दोन महिने त्याला नावं ठेवली, असं एकदा करून झालंय.

गाळल्यावर धुणं गाळलेल्या पाण्याचा पीएच १० च्या खाली येईपर्यंत. ओला केक अल्कलीसकट ओव्हनमध्ये वाळायला टाकू नका. आणि उलट बाजूने, पाणी सातच्या जवळ येईपर्यंत लिटरच्या लिटर ओतत बसू नका, कारण मग चौकटीतलं सोडियम धुपत जातं, त्याच्या जागी हायड्रोनियम बसतं आणि पुढच्या विश्लेषणात सोडियम-ॲल्युमिनियमचा मेळ बसत नाही.

एक हिशेब मनात ठेवा. जेलमध्ये ॲल्युमिनाच्या दहापट सिलिका आहे, तयार वायमध्ये साधारण ४.८ पट. म्हणजे निम्म्याहून जास्त सिलिका वरच्या पाण्यात राहून वाया जाणार, ते ठरलेलंच आहे. उत्पन्न कमी आलं म्हणून वेळ वाढवणारे इथे फसतात: ॲल्युमिनियम कधीच संपलेलं असतं, वाढीव तासांत वाढायला शिल्लक असतो तो फक्त पी, आणि तोही वायला खाऊन.

आलेख फसवतो तेव्हा

कधी कधी बाटलीत सगळं नीट असतं आणि मापन चुकतं. ‘या बॅचची स्फटिकता ८२ टक्केच आली’ असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, नमुना भरण्याआधी कुठे ठेवला होता?

झिओलाइटचं पाणी बदललं की शिखरांच्या उंच्या बदलतात, विशेषतः डावीकडच्या. पाणी निघालं की (१११) शिखर, ६.२ अंशांवरचं, फुगतं. एकच पावडर सकाळी ओव्हनमधून काढून आणि संध्याकाळी दमट हवेत ठेवून मोजली तर दोन वेगळ्या बॅचेस वाटतील. मॅग्नेशियम क्लोराइडचं संपृक्त द्रावण ठेवलेल्या बंद डेसिकेटरमध्ये २५ अंशांवर आर्द्रता सुमारे ३३ टक्क्यांवर स्थिर राहते. त्यात नमुने आणि संदर्भाचा वाय एकत्र, रात्रभर ठेवा. एएसटीएम या मानकसंस्थेच्या डी ३९०६ या पद्धतीतही हेच सूत्र आहे, आणि तिथे स्फटिकतेसाठी (१११) घेतच नाहीत. (३३१) पासून (६६४) पर्यंतच्या आठ शिखरांची बेरीज घेतात.

(१११) न घेण्याला आणखी एक व्यावहारिक कारण आहे. गोनिओमीटरची (एक्सआरडीतल्या कोन मोजणाऱ्या भागाची) त्रिज्या २०० मिमी आणि स्लिट, म्हणजे किरणांची फट, १ अंशाची असेल तर ६.२ अंशांच्या शिखराला किरणांचा पट्टा नमुन्यावर सुमारे ६४ मिमी लांब पसरतो. तुमचा होल्डर किती आहे? २०-२५ मिमी? मग निम्म्याहून जास्त किरण होल्डरच्या काठावर आणि पलीकडे गेले, आणि (१११) विनाकारण बुटका दिसला. पाव अंशाची स्लिट लावा, पट्टा १६ मिमीवर येतो.

आता पेशीचं माप. सिलिकॉन-ॲल्युमिनियमचं गुणोत्तर काढण्यासाठी ब्रेक आणि फ्लॅनिजेन यांचं समीकरण वापरतात: पेशीतल्या १९२ जागांपैकी ॲल्युमिनियमच्या जागा = ११५.२ × (बाजू − २४.१९१). बाजू २४.६८ असेल तर ५६.३ जागा, म्हणजे गुणोत्तर २.४१. समजा नमुना होल्डरच्या कडेपेक्षा ०.१ मिमी उंच भरला गेला. कागदाच्या एका पानाएवढं. २०० मिमी त्रिज्येवर २३.६ अंशांचं शिखर ०.०५६ अंशांनी उजवीकडे सरकतं. त्यावरून काढलेली बाजू सुमारे ०.०५८ अँगस्ट्रॉमने लहान येते आणि गुणोत्तर २.४१ चं २.८६ होतं. जेलमध्ये तसूभरही बदल न करता! ‘यंदा सिलिकॉन-समृद्ध वाय मिळाला’ असं जाहीर करण्याआधी होल्डर आडवा धरून डोळ्यासमोर बघा. हीच उंचीची चूक ५४ अंशांजवळच्या शिखरावर २.५७ देते. चूक उरते, पण बरीच लहान होते. म्हणून बाजू मोजायची तर ५० अंशांपुढची शिखरं घ्यावीत आणि पावडरीत थोडी सिलिकॉनची प्रमाण पावडर मिसळावी, म्हणजे सरकणं किती झालं ते तीच सांगते.

इथे एक सापळा आहे. सिलिकॉनचं पहिलं शिखर २८.४४ अंशांवर येतं, आणि पी शोधण्याची आपली मोकळी खिडकी नेमकी तिथेच आहे. सिलिकॉन मिसळलेल्या नमुन्यात पी शोधू नका. दोन स्कॅन करा: साध्या पावडरीचा पी शोधण्यासाठी, मिसळलेल्याचा बाजूसाठी. शिवाय समीकरण वापरायचं ते सोडियमच्या, पाणी भरलेल्या रूपावर. अमोनियम बदललेल्या किंवा भाजलेल्या नमुन्याचा आकडा त्यात घातला तर उत्तर येतं, पण कशाचं ते सांगता येत नाही.

आलेख स्वच्छ, तरी पोकळी कमी

शेवटची तक्रार ही असते: २८.१ वर काही नाही, तरी नायट्रोजनच्या शोषणातून सूक्ष्म पोकळी कमी येते. चांगल्या सोडियम-वायला ती दर ग्रॅमला ०.३३ ते ०.३५ घन सेंमी मिळते. सोडियम-पीच्या खिडक्या अरुंद, त्यातही सोडियम आडवं, त्यामुळे ७७ केल्विनला नायट्रोजन आत जवळजवळ जात नाही. दहा टक्के पी असेल तर ०.३४ चे ०.३१ व्हायला हवेत, आणि दहा टक्के पी २८.१ वर दिसल्यावाचून राहत नाही. मग तो न दिसता पोकळी घटली असेल तर उरलेला अस्फटिक माल हाच संशयित, किंवा नमुन्यातलं पाणी पुरतं न काढता केलेलं मोजमाप. दुसरं जास्त वेळा खरं ठरतं. निर्वातात आधी सावकाश तापवून मग ३०० अंशांच्या पुढे रात्रभर ठेवा आणि पुन्हा मोजा.

तरीही कमीच आलं तर एसईएमखाली, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली, बघा. वायचे अष्टफलक टोकदार दिसतात, पीचे लोकरीच्या गुंड्यासारखे गोळे, एचे घन. एक टक्का पीसुद्धा डोळ्याला सापडतो, फक्त पाच-सहा वेगळ्या जागांवर फिरा. सुंदर अष्टफलकांचा एकच फोटो काढून थांबायचा मोह आवरा. अष्टफलकांच्या अंगावर बारीक भुरभुर चिकटलेली दिसली तर ती कच्च्या जेलची.

रासायनिक विश्लेषणातलं सिलिकॉन-ॲल्युमिनियम आणि पेशीच्या बाजूवरून काढलेलं जुळत नसेल तर त्याचंही मूळ बहुतेक वेळा या भुरभुरीत असतं. विश्लेषण सगळ्या पावडरीचं होतं, पेशी फक्त स्फटिकाची. सोय असेल तर सिलिकॉन-२९ एनएमआर (चुंबकीय अनुस्पंदनाचा आलेख) घ्या. वायमध्ये साधारण −८४ पासून −१०५ पीपीएमपर्यंत पाच रेषा येतात, शेजारी चार ॲल्युमिनियम असलेल्या सिलिकॉनपासून एकही नसलेल्यापर्यंत, आणि त्यांच्या क्षेत्रफळांवरून चौकटीतलं गुणोत्तर थेट निघतं.

पी मिसळलेली बॅच धुऊन, पुन्हा शिजवून वाय होत नाही. गाडी उलटी जात नाही. ती बॅच वेगळ्या बाटलीत, ठळक लेबल लावून ठेवा आणि पुढच्या जेलला बीज म्हणून चुकूनही वापरू नका. मी ती फेकत नाही: पुढच्या वेळी २८.१ वर काही दिसलं की ताडून बघायला संदर्भ म्हणून हीच पावडर कामी येते.